रात्री अडीचचा फोन मी करायचे

ताई, स. न.

माझा नवरा एका विमान कंपनीत को-पायलट आहे. लग्नाला सहा वर्षं झाली, मुलगा चार वर्षांचा. ठाण्यात दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये आम्ही सासू-सासऱ्यांबरोबर राहतो. मी बँकेत आहे.

गेल्या महिन्यात तो सलग दोन रात्री उडून सकाळी पावणेनऊला घरी आला. माझ्याकडे ऑडिटची गडबड होती, म्हणून म्हणाला, 'याला स्कूल बसपर्यंत मी सोडतो.' खाली बाकावर पोराचा हात धरून बसला आणि बसल्या बसल्या झोपला. पोरगं हात सोडवून गेटबाहेर रस्त्यापर्यंत गेलं. वॉचमननं बघितलं म्हणून निभावलं. वॉचमन सांगत होता, 'साहेबांना दोन हाका मारल्या, उठले नाहीत. खांदा हलवावा लागला.'

तेव्हापासून माझीच झोप उडाली आहे. पोटच्या पोराचा हात हातात असताना जो झोपतो, तो मागे एकशे ऐंशी माणसं घेऊन... पुढचं लिहवत नाही. त्याला विचारलं तर एकच उत्तर, 'माझं रोस्टर लीगल आहे,' म्हणजे ड्यूट्यांचं वेळापत्रक नियमात बसतं. थकलोय असं कंपनीला कळव म्हटलं की चिडतो. पुढच्या वर्षी कमांड अपग्रेड, म्हणजे कॅप्टनची बढती आहे, आत्ता नाव खराब करून घ्यायचं नाही म्हणतो. सासूबाई म्हणतात, 'एसीत बसून काम, न्यायला गाडी येते, एवढा पगार. दमायला काय झालं? तुझे सासरे वागळे इस्टेटला तीस वर्षं पाळ्या करत होते.' ट्रेनिंगच्या कर्जाचे हप्ते अजून सहा वर्षं आहेत.

मी कंपनीला किंवा डीजीसीएला, म्हणजे विमान कंपन्यांचे नियम करणाऱ्या सरकारी खात्याला, निनावी पत्र लिहू का? की त्याला नोकरीच सोडायला लावू? आणि तुम्हाला हे लिहिलंय, ते त्याला सांगू का?

एका पायलटची बायको, ठाणे

प्रिय मैत्रिणी,

माझी मुलगी तुझ्याच वयाची आहे, म्हणून सरळ 'तू' म्हणते.

सल्ल्याआधी एक कबुली. हे सदर लिहायला लागण्यापूर्वी अठरा वर्षं मी एका विमान कंपनीच्या क्रू शेड्युलिंगमध्ये होते, म्हणजे कोणत्या विमानावर कोण जाणार ते लावणाऱ्या विभागात. बिनखिडकीची खोली, चार फोन, दोन कॉम्प्युटर आणि कायम गार झालेला चहा. रात्री अडीचला तुझ्यासारखीच्या घरी जो फोन वाजतो ना, तो मी करायचे. 'कॅप्टन, तुम्हाला स्टँडबायवरून काढलंय, साडेचारचं रिपोर्टिंग, गाडी निघालीये.' म्हणजे राखीव होता, आता ड्यूटीवर या. मोबाइलच्या आधीच्या काळात फोन पुष्कळदा बायको उचलायची. 'हो, उठवते,' एवढंच बोलायची. त्या दोन शब्दांत काय काय असायचं ते मी ऐकलंय. तुझ्या नवऱ्याच्या तोंडी जो शब्द आहे, 'लीगल', तोही आमच्याच खोलीतून बाहेर पडलेला. कोणाला ड्यूटी लावताना आम्ही एकमेकांना विचारायचो, 'लीगल आहे का?' त्या माणसाची झोप झाली आहे का, हे अठरा वर्षांत कोणी कोणाला विचारल्याचं मला आठवत नाही. मीही नाही.

आता त्या बाकाबद्दल. तुझ्या पत्रातली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट पोरगं रस्त्यावर गेलं ही नाही. दोन हाकांनी तो उठला नाही, ही आहे. डुलकी लागलेला माणूस हाकेसरशी दचकून उठतो. हा गाढ झोपला होता, तेही सकाळच्या उजेडात, लाकडी बाकावर, जबाबदारी हातात असताना. यात त्याच्या मायेचा किंवा काळजी घेण्याचा काही संबंध नाही. झोप फार तुंबली की शरीर विचारत बसत नाही, मिळेल तिथे घेतं. म्हणून पहिलं काम हे, की या प्रसंगावरून त्याला टोचणं बंद कर. त्याला स्वतःला ते रोज टोचत असणार.

विमानात असं होतं का, हा तुझा न लिहवलेला प्रश्न. होतं. २५ जानेवारी २०२४ रोजी इंडोनेशियात बाटिक एअरचं ए३२० विमान केंदारीहून जकार्ताला चाललं होतं. कॅप्टननं सांगून थोडी झोप घेतली, विमान को-पायलटच्या हवाली केलं, आणि थोड्या वेळानं को-पायलटही झोपला. २८ मिनिटं दोघंही झोपेत. विमान ठरल्या मार्गावरून थोडं सरकलं, कॅप्टनला जाग आली, सगळे सुखरूप उतरले. तपास अहवालात त्या को-पायलटच्या घरचा उल्लेख आहे. घरी महिन्याभराची जुळी बाळं होती आणि रात्री तो बायकोबरोबर उठत होता. चांगला नवरा होता, म्हणून त्याची झोप झाली नव्हती. हे मी मुद्दाम सांगते आहे, पुढे त्याच्यावर यायचंय.

आपल्याकडचं उदाहरण जास्त कडू आहे. २२ मे २०१०. दुबईहून रात्री निघालेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान सकाळी सहाच्या सुमारास मंगळूरला उतरताना धावपट्टी ओलांडून दरीत कोसळलं. १६६ जणांपैकी ८ वाचले. निवृत्त एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी झाली. कॉकपिटच्या रेकॉर्डिंगमध्ये बराच वेळ कॅप्टनच्या घोरण्याचा आवाज होता. उतरायच्या वेळेस ते जागे होते, पण गाढ झोपेतून उठल्यावर डोकं काही काळ जड असतं, तशा अवस्थेत विमान नको तेवढ्या उंचीवरून खाली येत होतं. को-पायलटनं 'गो अराउंड' म्हटलं, म्हणजे उतरू नका, परत वर घ्या. एकदा म्हणून थांबला नाही, पुन्हा म्हटलं. ते मानलं गेलं नाही.

ही दोन उदाहरणं आठवली की मला विमानात बसायची भीती वाटत नाही, हेही सांगते. दोन पायलट, ऑटोपायलट, इशारे देणारी यंत्रणा, जमिनीवरचा कंट्रोलर, असे एकावर एक अनेक पदर असतात. तुझा नवरा झोपला की विमान पडलं, असं नसतं. पण हे पदर कधीतरी उपयोगी पडावेत म्हणून आहेत, रोजच्या रोज त्यांच्यावर भार टाकायला नाहीत.

आता 'लीगल' म्हणजे काय ते बघू. रोस्टर विश्रांतीचे तास मोजतं, झोपेचे नाही. तुझ्या घराचाच हिशेब मांडू. पहिल्या रात्रीची ड्यूटी सकाळी सातला संपली, पुढचं रिपोर्टिंग रात्री साडेनऊला. कागदावर साडेचौदा तास विश्रांती. आमच्या खोलीत हे वाचून कोणीही म्हटलं असतं, मजा आहे बुवा याची. आता घरी ये. सकाळच्या ट्रॅफिकमधून पावणेनऊला तो ठाण्यात. आंघोळ, पोहे, पोराशी दोन शब्द, पाठ टेकायला पावणेदहा. साडेअकराला कुकरच्या शिट्ट्या. साडेबाराला कुरिअरवाला, तो बेल एकदा वाजवत नाही. एकला पोरगं शाळेतून येतं, 'बाबा आलाय' म्हणून थेट पलंगावर उडी. शिवाय बाहेर लख्ख ऊन, आणि शरीराचं घड्याळ सांगतंय की ही जागायची वेळ. संध्याकाळी साडेसातला गाडी खाली, म्हणजे साडेसहाला उठून तयारी. त्या साडेचौदा तासांत चार तास झोप झाली तर नशीब. तीही तुकड्यातुकड्यांची. दुसऱ्या रात्री पहाटे तीन-चारच्या सुमारास, जेव्हा जगातल्या प्रत्येक माणसाचं शरीर सर्वांत मंद चालतं, तेव्हा हा उतरायची तयारी करतोय. आणि हे सगळं लीगल आहे. नवरा खोटं बोलत नाही.

आणखी एक हिशेब आहे, तो मी शेड्युलिंग सोडल्यावर शिकले. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं, की सलग १७ तास जागं असलेल्या माणसाचं काम रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकं घसरतं. आपल्याकडे गाडी चालवायची कायदेशीर मर्यादा ०.०३ टक्के आहे. सकाळी आठला उठलेला आणि दुपारी डोळा न लागलेला पायलट पहाटे तीनला १९ तास जागा असतो. ड्यूटीआधी नळीत फुंकायला लावतात, तिथे शून्याच्या वर काहीही आलं की तो माणूस घरी. झोपेसाठी अशी नळी नाही. तिथे त्याचं त्यालाच सांगावं लागतं. तुझ्या सगळ्या पत्राची गाठ इथे आहे, म्हणून थोडी लांबण लावते.

आमच्या रजिस्टरमध्ये थकलेला पायलट कधीच नव्हता. पोट बिघडलेले मात्र भरपूर. रात्री अकराला फोन यायचा, 'मॅडम, लूज मोशन आहे, उद्या पहाटेची नाही जमणार.' मी 'सिक' असा शेरा मारायचे आणि स्टँडबायवाल्याला उठवायचे. महिन्याच्या शेवटी वरून विचारणा यायची की सिक लीव्ह एवढी का वाढली. आमच्या साहेबांचं ठरलेलं उत्तर, 'हॉटेलचं जेवण सर.' एकदा मी गंमत म्हणून तीन महिन्यांची पोटदुखी तारखेनिशी वहीत मांडली. त्यातली निम्म्याहून जास्त पोटं एकाच प्रकारच्या रोस्टरनंतर बिघडत होती: दोन दिवस उशिराच्या ड्यूट्या, लगेच पहाटेची, मग पुन्हा रात्रीची. वही मी साहेबांना दाखवली. त्यांनी ती चाळली आणि परत दिली. बरोबरच आहे, कागदावर कोणीच थकलेलं नव्हतं ना. पोटाला औषध देतात, रोस्टर कोण बदलणार?

तुझ्या नवऱ्याला ही गोष्ट वाचून दाखव. तो फटीग रिपोर्ट, म्हणजे थकलोय असं कंपनीला लेखी, देत नसेल, पण कधीमधी पोट बिघडवून घेत असेल असा माझा अंदाज आहे. चुकत असेन तर क्षमा असावी.

नियम मधल्या काळात बदललेत, आणि ते त्याच्या बाजूचे आहेत. डीजीसीएनं जानेवारी २०२४ मध्ये नवे नियम काढले. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास झाली. 'रात्र' पूर्वी पहाटे पाचला संपायची, ती सहापर्यंत लांबली. रात्रीची लँडिंगं सहावरून दोनवर आणली. सलग दोनपेक्षा जास्त रात्री नकोत असं ठरलं. पायलटांकडून थकव्याबद्दल काय तक्रारी आल्या आणि त्यावर काय केलं, हे कंपन्यांनी दर तीन महिन्यांनी डीजीसीएला कळवायचं आहे. हे नियम जून २०२४ पासून येणार होते. कंपन्यांनी मुदत मागितली, पायलटांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, आणि शेवटी दोन टप्प्यांत ते लागू झाले, १ जुलै आणि १ नोव्हेंबर २०२५ ला.

पुढचं तुला ठाऊक आहे. डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात इंडिगोचं वेळापत्रक कोसळलं, ५ डिसेंबरला एका दिवसात हजाराहून जास्त फ्लाइट रद्द झाल्या, विमानतळांवर लोक बॅगांवर डोकं ठेवून झोपले. आणि टीव्हीवर चर्चा सुरू झाली की पायलटांना एवढी विश्रांती दिली म्हणून हे झालं. मी त्या रात्री टीव्ही बंद केला. अहो, नियम जवळजवळ दोन वर्षं आधी कागदावर आलेला. एवढ्या वेळात माणसं घेता येतात, वेळापत्रक आखडतं घेता येतं. मी त्या खोलीत बसलेली बाई आहे, मला विचारा: माणसं जेमतेम पुरतील इतकीच ठेवली की रोस्टर सॉफ्टवेअर प्रत्येकाला नियमाच्या टोकापर्यंत ताणतं. नियम म्हणजे 'याच्या पलीकडे नाही' अशी रेघ असते. सॉफ्टवेअर ती 'इथपर्यंत जा' अशी वाचतं. मग धुकं पडलं, एक विमान नादुरुस्त झालं, की मागची सगळी उतरंड कोसळते. शेवटी रात्रीच्या काही नियमांतून इंडिगोला १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट दिली गेली. प्रवाशांचे हाल थांबवायला दुसरा उपाय त्या क्षणी नसेलही. पण ज्या नियमासाठी लोक कोर्टात गेले, तो गर्दीच्या आरडाओरड्यात आठवडाभरात सैल होऊ शकतो, हे तुझ्या नवऱ्यानं पाहिलंय. तो गप्प का राहतो, हे त्यातूनही समजून घे.

आता निनावी पत्र. लिहू नकोस. यात मला शंका नाही.

आमच्याकडे एकदा असं पत्र आलं होतं. नाव नव्हतं, पण मजकुरावरून घरचंच माणूस आहे हे शेंबडं पोरही सांगेल. त्यात रोस्टरबद्दल एक ओळ आणि त्या माणसाबद्दल पानभर: चिडतो, जेवत नाही, रात्री दचकतो. कंपनीनं काय केलं? रोस्टरकडे बघितलंच नाही. माणसाला ड्यूटीवरून उतरवलं, मेडिकलला पाठवलं. दोन महिन्यांनी तो फिट ठरून परत आला, आणि आला तो त्याच रोस्टरवर. आमच्यातल्या एकाला तो पुढे म्हणाला होता, 'आता घरी काही बोलत नाही.' निनावी पत्रातून थकलेल्या रोस्टरची तक्रार होत नाही, बिघडलेल्या माणसाची होते. तुला ते नकोय.

सांगायचं त्यानंच, आणि 'थकलोय' या शब्दातच सांगायचं. कसं, ते मात्र शिकण्यासारखं आहे. 'मी फार दमतो' असं लिहिलेला रिपोर्ट ढिगात जातो. त्यानं आजपासून सहा आठवडे एक वही ठेवावी. रिपोर्टिंग किती वाजता, ड्यूटी प्रत्यक्षात किती वाजता संपली (रोस्टरवर लिहिलेली वेळ नाही), घरी किती वाजता, झोप कधीपासून कधीपर्यंत, मध्ये कितीदा मोडली. बास. भावना लिहायची गरज नाही. सहा आठवड्यांत त्याचं त्यालाच दिसेल की कोणत्या जोडणीनंतर तो कोसळतो. बहुतेक ती उशिराची-पहाटेची-रात्रीची उलटापालट असेल, पण माझ्या अंदाजावर जाऊ नको. मग रिपोर्ट असा जातो: या तारखेची ही ड्यूटी, आधीच्या ४८ तासांत इतके तास झोप, कारण हे. अशा कागदाला केराची टोपली दाखवणं अवघड असतं. त्याच बेसवरचे आणखी चार जण त्याच ड्यूटीबद्दल तेच लिहायला लागले तर जवळजवळ अशक्य. ज्या संघटनेचा तो सभासद असेल तिच्याकडे एक प्रत असू दे.

कमांड अपग्रेडची त्याची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. रिपोर्ट देणाऱ्यावर कारवाई होऊ नये असं कागदोपत्री आहे. तरी 'हा फार कटकट करतो' असं कोणाबद्दल बोललं जातं, हे मी आमच्याच चहाच्या टेबलावर ऐकलेलं आहे. तोटा होणारच नाही अशी हमी कोणी देत असेल तर विश्वास ठेवू नको. पण त्याला एक विचार. कॅप्टन झाल्यावर उशीर होईल, हवा बिघडेल, आणि ड्यूटीचे तास वाढवायचे की नाही हा निर्णय नियमानं त्याच्या हातात येईल. तेव्हा माझ्यासारखी कोणीतरी फोनवर गोड आवाजात म्हणेल, 'कॅप्टन, एवढा एक सेक्टर, एकच फेरी करता का, पॅसेंजर बसलेत.' मी म्हणायचे तशी. 'नाही' म्हणणारे कॅप्टन आम्हाला माहीत असायचे, त्यांना आम्ही शिव्या घालायचो, आणि घरचं कोणी प्रवासाला निघालं की गुपचूप बघायचो की फ्लाइटवर ते आहेत का. खरं सांगते आहे. 'नाही' म्हणायचा सराव कॅप्टनची चौथी पट्टी खांद्यावर आल्यावर अचानक होत नाही.

आता घर. इथे तुझ्या हातात खूप आहे, आणि थोडा अन्यायही आहे.

त्या बाटिकच्या को-पायलटची गोष्ट म्हणूनच सांगितली. रात्रीची ड्यूटी करून आलेल्या माणसाच्या हाती पोराला द्यायचं नाही. दहा मिनिटंही नाही, स्कूल बसपर्यंतही नाही. त्याला स्वतःला हौस आली तरी नाही. याचा अर्थ त्या सकाळी सगळं तुझ्यावर पडणार, आणि तू पण नोकरीवाली. ऑडिट असेल तर असेल. तेव्हा शेजारची एखादी आई, पैसे देऊन ठेवलेली मावशी, जे जमेल ते आधीच ठरवून ठेव, सकाळी पावणेनऊला ठरवू नको. आणि त्याच्या ४८ तासांच्या सुट्टीत पहिली रात्र झोपून झाली की पोरगं, भाजी, बिलं सगळं त्याचं. हे वहीत लिहून घे त्याच्याकडून. दमलेला आहे म्हणून सुट्टीभर सोफ्यावर, हेही चालायचं नाही.

खोलीला जाड पडदे लाव, पूर्ण अंधार व्हायला हवा. बेलचं बटण त्या दिवसापुरतं बंद करता येतं, इलेक्ट्रिशियन पाच मिनिटांत स्विच बसवून देईल. कुरिअर वॉचमनकडे. तो वॉचमन भला माणूस आहे, त्याला नीट समजावून सांगितलं तर तो तुमच्या मजल्यावर मांजर चढू देणार नाही. गणपतीत मात्र मी हात टेकले, ढोल-ताशापुढे कुठलाही पडदा चालत नाही. त्या दहा दिवसांत दिवसा झोपायला त्याला एखाद्या मित्राच्या रिकाम्या घरी पाठव.

सासूबाईंशी वाद घालू नको. सासऱ्यांकडे जा. वागळे इस्टेटला तीस वर्षं पाळ्या केलेल्या माणसाला तिसरी पाळी काय असते ते कोणी समजवायला नको. त्यांना विचार, 'बाबा, तिसरी पाळी करून आलात की घरात काय असायचं?' ते सांगतील. रेडिओ बंद, पोरं बाहेर खेळायला, आणि हे सगळं करणारी कोण? याच सासूबाई. तीस वर्षं त्यांनी नवऱ्याची झोप राखली आहे, मुलाची झोप तशीच राखायची असते हे त्यांच्या ध्यानात आलं नाही इतकंच, कारण मुलगा निघताना डबा नेत नाही, टाय लावून जातो. सासऱ्यांनाच हेही विचार की त्यांची पाळी दर आठवड्याला बदलायची की दर दोन दिवसांनी. मुलाचं रोस्टर त्यांच्यापुढे ठेव. कारखान्यात असं कोणी केलं असतं तर युनियननं गेट बंद केलं असतं, असं ते स्वतःच म्हणतील.

दोन किरकोळ पण जरुरीच्या गोष्टी. तो मोठ्यानं घोरत असेल, झोपेत श्वास अडकल्यासारखा होत असेल, तर वैमानिकांची तपासणी करणाऱ्या डॉक्टरला दाखवा. २००८ साली हवाईमध्ये एका छोट्या विमान कंपनीचे दोन्ही पायलट झोपून विमान विमानतळावरून पुढे निघून गेलं होतं, तपासात कॅप्टनला झोपेत श्वास अडकण्याचा विकार निघाला. उपचार असतात. आणि मेडिकलच्या दुकानातून झोपेची गोळी, ॲलर्जीची गोळी, कोणी परदेशातून आणलेलं मेलाटोनिन, यातलं काहीही त्या डॉक्टरला विचारल्याशिवाय पोटात जायचं नाही.

नोकरी सोडण्याचं आत्ता मनात आणू नको. एक तर २०१७ च्या नियमानुसार को-पायलटला सहा महिने आणि कॅप्टनला वर्षभर आधी नोटीस द्यावी लागते, रागाच्या भरात उठून जाता येत नाही. दुसरं, कंपनी बदलली तरी रात्र तीच असते. तिसरं, झोप तुंबलेली असताना घेतलेला कोणताही मोठा निर्णय मला संशयास्पद वाटतो, तुझाही धरून. वही पूर्ण होऊ दे, एक रिपोर्ट जाऊ दे, काय उत्तर येतं ते बघ. उत्तर म्हणून नुसता मेडिकलचा कागद आला आणि पुढचं रोस्टर जसंच्या तसं आलं, तर मग कर्जाचा तक्ता पुढ्यात घेऊन बसा, मी तेव्हा वेगळं बोलेन. तोवर घर बदलायचा विचार असेल तर एक कर: नवी मुंबईचा विमानतळ डिसेंबर २०२५ पासून सुरू झाला आहे. त्याच्या ड्यूट्या पुढे कुठून सुटणार हे कळेपर्यंत कुठेही डिपॉझिट भरू नको.

मला पत्र लिहिलंस ते त्याला सांगायचं का, असं विचारलं आहेस. सांग. आज रात्रीची ड्यूटी असेल तर आज नाही, उद्या सकाळी आल्या आल्याही नाही. झोपून उठला की सांग.